सहलीत वादळ गाठतं तेव्हा

मैत्रिणींनो, सुट्टी जवळ आली की घरोघरी बेत शिजू लागतात. कुणाला कोकणात जायचं असतं, कुणाला जगन्नाथपुरीला, आणि मुलांचा हट्ट असतो तो पाळण्यांचा. आम्हा चाकूरकरांना त्यासाठी लांब जायला नको, साई नंदनवन जवळच. निघायच्या आधी आपण बायका काय काय ठरवतो! दशम्या किती करायच्या, चटणी शेंगदाण्याची की जवसाची, प्रवासात साडी कोणती नेसायची. पण तिथं वादळ आलं तर काय करायचं, हे मात्र कुणी ठरवत नाही. मीही ठरवलं नव्हतं. म्हणून आज माझीच गोष्ट सांगते.

२०२४ च्या नवरात्रात मी अमेरिकेत लेकीकडे होते. घट इकडे चाकूरला धाकट्या जाऊबाईंनी बसवला होता. नातीला शाळेची सुट्टी, म्हणून जावयांनी फ्लोरिडातल्या ओरलँडोची सहल आखली. तिथं ते डिस्ने वर्ल्ड आहे ना, १९७१ साली सुरू झालेलं, तेच पाहायला. राहायला शेजारचंच एक हॉटेल. ५ ऑक्टोबरला पोचलो, ९ तारखेला परतायचं होतं. तीन दिवस नातीनं मला नुसतं पळवलं. पाळण्यात बसताना मी देवीचं नाव घेत होते आणि ती हसत होती.

इकडे समुद्रात मिल्टन नावाचं चक्रीवादळ वाढत होतं. दोनच आठवड्यांपूर्वी हेलेन नावाचं वादळ त्याच राज्याला झोडपून गेलं होतं, त्यामुळे लोक आधीच धास्तावलेले. ७ तारखेला बातमी आली की मिल्टन सर्वात मोठ्या, पाचव्या श्रेणीत गेलं. ९ तारखेला विमानतळ बंद झाला. डिस्ने वर्ल्डची उद्यानंही दुपारपासून एकेक करून बंद झाली. आम्ही अडकलो.

मग लेकीनं पदर खोचला म्हणा ना! नेसलेली होती पँट, पण कामाचा झपाटा आपल्यासारखाच. न्हाणीतला टब पाण्यानं भरला. सगळे फोन पूर्ण चार्ज केले. ब्रेड, केळी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणल्या. पलंग खिडकीपासून दूर ओढले, पडदे लावून घेतले. पासपोर्ट आणि पैसे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. माझी सातवी माळ, उपवास. पण राजगिऱ्याचे लाडू बरोबर होते, त्यामुळे माझी काळजी कुणाला नव्हती.

चूक निघाली ती दुसरीच. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी मोजून ९ तारखेपर्यंतच्याच घेतल्या होत्या! बाकीची पट्टी लेकीच्या घरी, कपाटात. "आई, लाडू पंचवीस आणि गोळ्या पाच?" लेक म्हणाली. काय उत्तर देणार?

त्या रात्री साडेआठच्या सुमारास मिल्टन सारासोटाजवळ किनाऱ्याला लागलं. वाऱ्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. ओरलँडो समुद्रापासून बरंच आत, त्यामुळे आमच्यापर्यंत येता येता जोर कमी झाला, पण मध्यरात्रीनंतर जे सुरू झालं ते अजून कानात आहे. गिरणीचा पट्टा फिरावा तशी घरघर. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. दिवे गेले, आले, पुन्हा गेले. आणि मला वाटलं, जमीन हलतेय.

मैत्रिणींनो, लातूर-धाराशिवकडच्या बाईला असं वाटलं की ती काय करते, हे मी तुम्हाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरलेलो नाही. गणपती विसर्जन करून लोक निजले होते, आणि चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं दगडामातीच्या भिंतींखाली गेली. आमच्या चाकूरच्या घराच्या भिंतीला चीर पडली. ही माझी लेक तेव्हा चार वर्षांची. तिला कडेवर घेऊन मी अंगणात धावले होते, आणि पुढे कितीतरी रात्री आम्ही माळवदाखाली झोपलोच नाही.

तीच सवय त्या रात्री उठली. झोपलेल्या नातीला मी उचललं, चप्पल शोधली आणि दाराची कडी काढली. खाली मोकळ्या मैदानात जायचं, एवढंच डोक्यात. लेकीनं दार पाठीनं दाबून धरलं. म्हणाली, "आई, हे किल्लारी नाही. इथं घरात वाचतो माणूस, बाहेर नाही."

मला तिचा रागच आला. चार वर्षांची होती ही, हिला काय आठवतं? पण तिनं माझा हात धरून मला न्हाणीत नेलं, कारण तिथं खिडकी नव्हती. खाली गाद्या टाकल्या. नातीला मांडीवर घेऊन आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला ते अंगण आठवतं, आई. तू रात्रभर जागी असायचीस." मग मी काही बोलले नाही.

सकाळी पाहिलं तर झाडं आडवी, फांद्या नि पत्रे रस्ताभर. रात्री आम्ही त्याच मैदानात असतो तर? विचारही नको. फ्लोरिडात त्या वादळात माणसं गेली. काही तर मिल्टन किनाऱ्याला लागण्याआधीच, त्याच्याबरोबर उठलेल्या टोर्नेडोच्या भोवऱ्यांत गेली. आमच्या हॉटेलात कुणाला खरचटलंही नाही. तिकडे मध्यरात्र म्हणजे इकडे सकाळ. जाऊबाई देवीपुढं दिवा लावून फोन लावत बसल्या होत्या, आणि आमचा फोन काही केल्या लागत नव्हता. त्यांचे हाल आमच्याहून जास्त झाले. उद्यानं ११ तारखेला उघडली. गोळ्या तिथल्या डॉक्टरांकडून मिळाल्या, पण केवढ्याला पडल्या ते यजमानांना मी अजून सांगितलेलं नाही!

तुम्ही म्हणाल, अमेरिकेची गोष्ट आम्हाला काय कामाची? आहे ना. कोकणात आपण जातो केव्हा? मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. आणि अरबी समुद्रातली वादळं येतात तीही पावसाळ्याच्या आगेमागेच. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं. निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवून गेलं. पुरीला फनी आलं ते ३ मे २०१९ ला, भर सुट्टीत. यात्रेकरूंना आदल्या दिवशीच गाव सोडायला लावलं होतं. चक्रीवादळाचं एक बरं असतं, ते भूकंपासारखं न सांगता येत नाही. हवामान खातं दोन-चार दिवस आधी सांगतं. ऐकायला मात्र हवं. "पैसे भरलेत, आता कसं परतायचं?" असं म्हणू नये. निघायला वेळ असेल तर निघावं; वेळ गेली असेल तर पक्क्या इमारतीत बसून राहावं. मधेच वारा एकदम थांबला तरी बाहेर पडू नये. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि मग वारा उलट्या दिशेनं येतो.

आपल्या मराठवाड्यात समुद्र नाही, पण एप्रिल-मेमधला वळीव आहे, वीज आहे. बागेत सहलीला गेलात आणि आभाळ भरून आलं तर मुलांना आधी पाण्यातून आणि पाळण्यातून बाहेर काढा. डबे तसेच राहू द्या. आंब्याच्या झाडाखाली उभं राहू नका, पत्र्याच्या उघड्या शेडखालीही नाही. पक्क्या खोलीत जा, नाहीतर काचा लावून मोटारीत बसा. वीज दिसली की आकडे मोजा. तीन मोजेपर्यंत गडगडलं तर वीज एका किलोमीटरवर, तीस मोजेपर्यंत गडगडलं तर दहा किलोमीटरवर. म्हणजे तीसच्या आत आवाज आला की आत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं "दामिनी" हे ॲप मोबाइलवर असू द्या. जवळपास वीज असेल तर ते सांगतं.

आणि सहलीच्या पिशवीत एवढं ठेवाच. रोजच्या गोळ्या, चार दिवसांच्या जादा. बॅटरी. थोडे रोख पैसे, कारण दिवे गेले की कार्ड चालत नाही. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून. त्यात ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हवेत. घरी एका माणसाला सांगून ठेवा, "फोन लागला नाही तर घाबरू नका, आम्ही अमुक ठिकाणी आहोत."

शेवटचं सांगते. आपण एका संकटातून शिकलेलं दुसऱ्या संकटात जसंच्या तसं चालत नाही. भूकंपानंतर तडे गेलेल्या घराबाहेर राहावं, वादळात पक्क्या घराबाहेर पडू नये. हे मला माझ्या लेकीनं शिकवलं, आणि तिला धीर धरायला शिकवलं ते आमच्या अंगणानं.

तेव्हा बायांनो, खुशाल जा सहलीला. दशम्या न्या, लाडू न्या. गोळ्या मात्र मोजून नेऊ नका!