मणीकाम आणि आमचे रसिक

मणीकाम हा रिकामपणचा उद्योग आहे, असें मत आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत इतकें रूढ झालें आहे कीं, तें केवळ एक मत आहे याचीही कोणास आठवण राहिलेली नाहीं. चित्रप्रदर्शनाचा विषय निघाला म्हणजे आमचे रसिक रंगरेषांविषयीं तासन्‌तास बोलतात. पण अमरावतीस किंवा अकोल्यास एखाद्या घरीं महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या ताटाभोवतीं मांडलेली मण्यांची महिरप दिसली, तर 'बायकांना वेळ बरा मिळतो' एवढ्या एका वाक्यांत त्यांची समीक्षा संपते. वाक्य वरवर निरुपद्रवी आहे. तथापि त्याच्या मुळाशीं जें अज्ञान आहे तें निरुपद्रवी नाहीं, आणि तें बोलून दाखविणें आम्हांस अवश्य वाटतें.

हें काम चालतें कसें, हें ज्यांनीं जवळून पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. तंगुसाचीं दोन्ही टोकें दोन हातांत धरावयाचीं, मधें मणी ओवावयाचे, आणि शेवटच्या मण्यांतून तीं टोकें समोरासमोरून काढून ओढावयाचीं. म्हणजे एक कडें मिटतें. पुढचें कडें मागच्या कड्याचा एखादा मणी आपला म्हणून घेतें. सारा विस्तार या एवढ्याशा युक्तीचा आहे. जेथें तीन-तीन कडीं एकत्र भेटतात अशा विणींत सहा मण्यांचीं कडीं घातलीं तर काम सपाट बसतें, पांचांचीं घातलीं तर वाटीसारखें आंत वळतें, सातांचीं घातलीं तर त्याची कड झालरीसारखी लहरते. पांचांचींच कडीं घालीत गेलें म्हणजे बारा कड्यांत पुरा चेंडू तयार होतो. त्यास साठ मणी लागावेत असें वरवर वाटतें; लागतात तीसच, कारण प्रत्येक मणी दोन कड्यांच्या सामाईक मालकीचा असतो. बाराव्या कड्याला तर एकही नवा मणी लागत नाहीं. पूर्वीच्या पांचांनींच तें मिटतें. ग्रीक भूमितिकारांनीं ज्या पांच सुसम घनाकृतींचा एवढा गौरव केला, त्यांपैकीं ही एक. बारा कडीं पांचांचीं आणि वीस सहांचीं घेऊन नव्वद मण्यांचा चेंडू ओवला, तर १९८५ सालीं शोध लागलेल्या साठ अणूंच्या कार्बन-रेणूचा सांगाडा हातांत येतो. त्या शोधास १९९६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तैवानांतील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनीं असे रेणू मण्यांत ओवून त्यांवर लेख लिहिले आहेत. त्यांस कोणी 'वेळ बरा मिळतो' असें म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

यावर उत्तर येईल कीं, त्या प्राध्यापकांस गणित ठाऊक असतें, आमच्या गृहिणीस तें नसतें. तिलाही तें ठाऊक असतें. तिची परिभाषा निराळी, इतकेंच. 'सहाचें घातलेंस म्हणून बसकें झालें, इथें पांचाचें घाल' असें ती शेजारणीस सांगते, तेव्हां ती सिद्धान्तच सांगत असते.

दुसरा आक्षेप अधिक शहाणपणाचा वाटतो: या बायका एकमेकींचे नमुने उचलतात, त्यांत नवनिर्मिति कोठें आहे? हा आक्षेप वऱ्हाडांत तरी कोणीं घेऊं नये. रुक्मिणीच्या लग्नाची एकच कथा महानुभाव नरेंद्रानें तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली, एकनाथांनीं १५७१ सालीं काशीस लिहिली, आणि पुढें कित्येकांनीं लिहिली. आमच्या समीक्षकांनीं त्यांस नमुना उचलणारे म्हटलें नाहीं, परंपरा म्हटलें. शेजारणीच्या महिरपींतील मोर मोजून घेऊन त्याचा पिसारा दोन कड्यांनीं फुलविणारी बाई याहून निराळें काय करते?

आणि रुक्मिणीचें नांव निघालेंच आहे तर आणखी थोडें. नरेंद्राच्याही आधीं, अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास, गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीलेसाठीं महदंबेनें याच विषयावर धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नघरीं बायकांनीं म्हणावयाचीं गाणीं. त्या दिवशीं आमच्यासारख्या पदवीधरांचा सल्ला घेतला असता, तर हीं गाणीं लग्नाच्या मांडवांतच विरून गेलीं असतीं. सुदैवानें महानुभावांनीं तीं जपून ठेविलीं. आज तीं एम्. ए.च्या वर्गांत शिकविलीं जातात, आणि महदंबा मराठीची आद्य कवयित्री म्हणून गौरविली जाते. रुक्मिणीचें माहेर म्हणून वऱ्हाड ज्या वर्धाकांठच्या कौंडिण्यपुराकडे बोट दाखवितें, तेथें डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं उत्खनन केलें. १९६८ सालीं निघालेल्या त्यांच्या अहवालांत तेथल्या मण्यांचीही दखल आहे. याच विद्वानांनीं १९४९ सालीं केवळ नक्षीदार मण्यांवर एक पुस्तक लिहिलें होतें. जमिनीखालच्या मण्यास ग्रंथ आणि जमिनीवरच्या मण्यास टोमणा, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

न्याय जमिनीवरही सारखा नाहीं. तेच मणी मेळघाटांतील कोरकू स्त्रीच्या गळ्यांत दिसले तर ती आदिवासी कला, पोहरादेवीच्या यात्रेंत बंजारा स्त्रीच्या कांचळीवर दिसले तर ती लोककला, काठेवाडांतील जुन्या तोरणावर दिसले तर ती संग्रहालयांतील वस्तु. आणि आपल्याच वहिनीच्या हातांत दिसले तर तो रिकामपणचा उद्योग! प्लास्टिकचे मणी म्हणून कोणी नाक मुरडील. काठेवाडच्या त्या तोरणांतील मणीही व्हेनिसहून व्यापाऱ्यांनीं आणलेला परदेशी मालच होता.

टोमणा मारणाऱ्यांपेक्षां आम्हांस भय वाटतें तें हितचिंतकांचें. हे म्हणतात, 'कला आहे ना, मग विका. गृहउद्योग काढा, बचत गट काढा.' जिला पैशाची निकड आहे तिनें खुशाल विकावें. त्यांत कसलाही कमीपणा नाहीं. परंतु जी महिरप महिनाभर संध्याकाळीं बसून झाली, तिचा तासावारी हिशेब केला तर साधी मजुरीही सुटत नाहीं. आणि किंमत मजुरीला आणूं गेलें तर घेणारा उरत नाहीं. विल्यम मॉरिस यानें विलायतेंत हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. जुनें भरतकाम उसवून त्याचे टांके हा गृहस्थ स्वतः शिकला. श्रमांतला आनंद हीच कला, असें त्यानें आयुष्यभर सांगितलें. आणि अखेर त्याच्या कारखान्यांतील हातकामाच्या वस्तू श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांत जाऊन बसल्या. विकतां येतें तेवढेंच मोलाचें, हें गृहीत धरणारा हितचिंतक आणि टोमणा मारणारा रसिक हे दोघेही एकाच तराजूनें तोलतात. एकास पारडें रिकामें दिसतें, दुसरा त्यांत रुपये टाकूं पाहतो. अमरावती-अकोल्याच्या घरांतून दुपारीं चार-चौघी बसतात, मण्यांच्या पुड्या वांटून घेतात, एकीचा चुकलेला मणी दुसरी मोजून काढते, आणि नमुना कोणीही मागितला तरी नाहीं म्हणत नाहीं. हा व्यवहारच त्या तराजूंत बसत नाहीं. साहित्यसंस्थांत निम्में वर्ष घटनादुरुस्तींत जातें असें पाहणाऱ्या आम्हांस तर त्या बैठकीचा हेवा वाटतो.

सुधारकांचें रुखवताविरुद्ध गाऱ्हाणें आहे. तें रास्तही आहे. कपाटें आणि शीतपेट्या मांडून वधूपित्याचें दिवाळें जाहीर करण्याचा जो प्रकार आहे तो बंद व्हावाच. मात्र त्या झोडपणींत मण्यांचा कळस, मण्यांनीं मढविलेला नारळ, आत्येनें ओवलेलें तुळशीवृंदावन हींही एकाच काठीखालीं येतात. कपाट पैशानें येतें, वृंदावन माणसाच्या हातून येतें. आज परिणाम असा झाला आहे कीं, कपाट कायम आहे आणि वृंदावन भाड्यानें मिळूं लागलें आहे. कार्य संपलें कीं तें दुकानांत परत जातें. तें कोणीं केलें हें वधूस ठाऊक नसतें, दुकानदारासही बहुधा नसतें.

खरी हानि येथें आहे. या कामाचा नमुना कागदावर नसतो; तो मणी मोजून उचलावा लागतो, आणि मोजून दाखविणारी गेली म्हणजे वस्तु समोर असूनही तिची रीत गेलेली असते. हल्लीं मुली चलचित्रें पाहून शिकतात, हें चांगलेंच. पण हा मोर कोणाच्या घरून आला हें तेथें सहसा कोणी सांगत नाहीं. दाते-कर्वे यांनीं १९३२ ते १९३८ या काळांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले तेव्हां घरोघरचे शब्द वेंचावे लागले. मणीकामाच्या विणींचीं, कड्यांचीं, वळणांचीं वऱ्हाडी नांवें वेंचावयास आमच्या महाविद्यालयांतील एखादा मराठीचा वर्ग एका सुटींत पुरेसा आहे. प्रबंधास विषय मिळत नाहीं अशी तक्रार करणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

तोंपर्यंत ज्यांच्या घरीं महालक्ष्म्या बसतात त्यांनीं येत्या भाद्रपदांत महिरप मांडण्यापूर्वीं ती उलटी करावी, आणि मागच्या बाजूस फितीचा तुकडा शिवून त्यावर करणारीचें नांव, गांव व साल पक्क्या शाईनें लिहावें. नमुना जिच्याकडून घेतला तिचें नांव आठवत असेल तर तेंही त्याखालीं लिहावें.