विमान थांबवणारी सही

अहमदाबादच्या विमान अपघातानंतर बारा दिवसांनी, २४ जून २०२५ रोजी, डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, एक निवेदन काढलं. दिल्ली-मुंबईसह मोठ्या विमानतळांवर रात्री आणि पहाटे केलेल्या तपासणीत काय काय सापडलं, याची ती यादी होती. नोंदवलेले बिघाड त्याच विमानात पुन्हा पुन्हा डोकं वर काढत होते. टायर झिजलेले म्हणून एक देशांतर्गत उड्डाण रोखावं लागलं. अवजारांवर नियंत्रण ठेवण्याची पद्धत पाळली जात नव्हती. देखभाल पुस्तिकेत सांगितलेली खबरदारी घेतली जात नव्हती. विमानाच्या यंत्रणेने स्वतः दाखवलेले काही दोष टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, उतरलेच नव्हते. निवेदनात कंपन्यांची नावं नव्हती. त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोषी म्हणून एकच माणूस उभा राहिला, चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घातलेला मेकॅनिक.

यादी गंभीर आहे, तिची सफाई द्यायला मी बसलेलो नाही. पण ती वाचताना तपासणीची वेळही वाचावी. विमान दिवसा कमावतं, म्हणून त्याची दुखणी रात्री काढायची, असा या धंद्याचा रिवाज आहे. शेवटची विमानं मध्यरात्रीच्या आगेमागे उतरतात आणि पहिलं उड्डाण उजाडण्याच्या सुमारास असतं. मधल्या चार-पाच तासांत टायरची झीज, ब्रेकची पिन, इंजिनातलं तेल, पंख्याच्या पात्यांवर पक्ष्याने किंवा खड्याने पाडलेली खाच, हायड्रॉलिकची गळती असं सगळं बघायचं. वैमानिकाने टेक लॉगमध्ये लिहिलेली प्रत्येक तक्रार एक तर दुरुस्त करायची, नाहीतर नियमात बसत असेल तर ठरावीक मुदतीसाठी पुढे ढकलायची. मुंबईच्या जुलैत हे काम भर पावसात, डोक्याला बॅटरी बांधून चालतं. काम संपलं की प्रत्येक पाना, प्रत्येक सॉकेट आपापल्या जागी परत गेलाय का, हे मोजायचं. एक सॉकेट कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. निदान हलू नये.

हे सगळं झालं की एक माणूस सही करतो. तो एएमई, म्हणजे परवानाधारक देखभाल अभियंता. डीजीसीएच्या मॉड्युलच्या परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि त्यानंतर विमानाच्या प्रत्येक जातीचं वेगळं रेटिंग, इतकं झाल्यावर ती सही मिळते. एअरबस ३२० चं रेटिंग असलेला माणूस बोइंग ७३७ वर सही करू शकत नाही. बी-१ वाला सांगाडा आणि इंजिन बघतो, बी-२ वाला विजेची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं. त्याच्यासोबत स्पॅनर धरणारे, तेलाने माखणारे अनेक हात बिनपरवान्याच्या तंत्रज्ञांचे असतात. पण 'हे विमान उडायला योग्य आहे' असं लिहून देणारा परवाना एकाच्याच नावावर असतो. कंपनीच्या नावावर तो नसतो. उद्या काही घडलं, तर कागद त्याचंच नाव सांगेल.

या सहीवर किती भार येतो, हे कळायला मला १० जून १९९० च्या घटनेइतकी बोलकी दुसरी घटना सापडलेली नाही. ब्रिटिश एअरवेजचं एक बीएसी वन-इलेव्हन त्या सकाळी बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. ८१ प्रवासी, ६ कर्मचारी. उड्डाणाला तेरा मिनिटं झाली, विमान १७,३०० फुटांवर होतं, आणि कॅप्टनसमोरची काच उडून गेली. हवेच्या झोताने कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसह सगळे वाचले.

काच सत्तावीस तास आधी बदलली होती. ती ९० बोल्टांवर बसते. त्यातल्या ८४ बोल्टांचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर, एवढ्याने कमी होता. उरलेल्या सहांचा व्यास बरोबर, पण लांबी अपुरी. हे काम रात्रपाळीच्या प्रमुखाने केलं होतं. माणसं कमी होती, म्हणून त्याने स्वतःच हाती घेतलं, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान. काढलेल्या जुन्या बोल्टांसारखेच नवे लावायचे, असं त्याने ठरवलं. भांडारातल्या माणसाने तिथे वेगळा बोल्ट लागतो असं सांगितलंही होतं. पण जुने तर इतके दिवस नीट टिकले होते! भांडारात तसे पुरेसे बोल्ट नव्हते. तो गाडी घेऊन विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला गेला, तिथल्या अपुऱ्या उजेडात जुना बोल्ट नव्याशेजारी धरून नजरेनेच जोडी जुळवली. सुट्या भागांची सूची उघडली नाही. शिडीवरून वाकून काम करताना बोल्ट नीट दिसत नव्हते, आणि आटे निसटल्याचा आवाज त्याला योग्य ताण बसल्याचा वाटला. काच बसवण्याचं काम दुसऱ्या कुणी तपासण्याच्या यादीत नव्हतं. त्याने केलं, त्यानेच सही केली.

हा माणूस कामचुकार नव्हता. तपासात त्याच्याविषयी उलटच चित्र पुढे आलं, जबाबदारीने वागणारा, अनुभवी, सहकाऱ्यांत मान असलेला. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. माणसं कमी, वेळ पहाटेची, हवा तो भाग हाताशी नाही, विमान सकाळी हवंय, अशा वेळी अडलेलं काम पार पाडणारा माणूसच कंपनीला हवा असतो. त्याच्या त्याच गुणाने घात केला. पुढे १९९३ मध्ये कॅनडात गॉर्डन ड्यूपाँट यांनी देखभालीतल्या चुकांमागची बारा कारणं मांडली. थकवा, वेळेचा दबाव, अपुरी साधनं, ठामपणे न बोलणं ही त्यातलीच. आज आपल्याकडेही देखभालीच्या प्रशिक्षणात ही बारा कारणं शिकवली जातात. शिकवली जातात, आणि मग विद्यार्थ्याला त्याच रात्रपाळीत सोडलं जातं.

देखभाल संस्थांसाठीच्या डीजीसीएच्या सीएआर-१४५ या नियमावलीत एक कलम आहे. कामाचं आणि पाळ्यांचं नियोजन करताना माणसाच्या मर्यादा लक्षात घ्या, असं ते सांगतं. त्या कलमात तासांचा आकडा नाही. वैमानिकांसाठी मात्र आकडे आहेत. २०२४ च्या नव्या नियमांत त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली, आणि ते व्हायलाच हवं होतं. मग ज्याच्या सहीवर विश्वास ठेवून तोच वैमानिक विमानात बसतो, त्याच्या झोपेचा हिशेब कंपनीच्या सद्भावनेवर का सोडायचा? सलग किती रात्री, एका पाळीत जास्तीत जास्त किती तास, दोन पाळ्यांमध्ये किमान किती विश्रांती, हे आकड्यांत लिहिलं पाहिजे. आकडा असला की तो मोडल्याचं दाखवता येतं. 'लक्षात घ्या' असं लिहिलेलं मोडलं, हे कुणी कसं सिद्ध करणार?

बिनपरवान्याच्या तंत्रज्ञांचं तर बोलायलाच नको. जुलै २०२२ मध्ये एका मोठ्या कंपनीचे तंत्रज्ञ कमी पगाराला कंटाळून एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले, तेव्हा कुठे ते बातमीत आले. एरवी ते बातमीत येतात मरण पावले तरच. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत विमान मागे ढकललं जात असताना एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. जुलै २०१९ मध्ये कोलकात्यात मध्यरात्रीनंतर चाकांच्या कप्प्याचं दार बंद होऊन एकाचा जीव गेला. कलिन्याचा जुना तळ, नागपूरच्या मिहानमधले हँगर, ओझरचा कारखाना यांमुळे हे काम मराठी घरांना परकं नाही. घरातलं पोरगं विमानतळावर आहे हे कौतुकाने सांगितलं जातं. त्याने सलग किती रात्री काढल्या, हे सहसा कुणी विचारत नाही.

थकवा मोजता तरी येतो. 'नाही' म्हणण्याची किंमत मोजणं अवघड. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत ओकलंडच्या हँगरमध्ये अलास्का एअरलाइन्सच्या एका एमडी-८३ ची मोठी तपासणी चालू होती. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या स्क्रूच्या नटाची झीज मर्यादेच्या काठावर भरली. मेकॅनिकने लिहिलं, बदला. नंतरच्या एका पाळीने पुन्हा मोजलं, झीज मर्यादेच्या आत भरली आणि विमान बाहेर पडलं. ३१ जानेवारी २००० ला तेच विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. ८८ माणसं गेली. स्क्रूला पुरेसं ग्रीस नव्हतं आणि ग्रीस देण्याची मुदत वाढवत वाढवत आठ महिन्यांवर नेलेली होती, हे तपासात निघालं. १९९७ मध्ये नट बदलला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर आज कुणी देऊ शकत नाही. पण पहिल्या मेकॅनिकचं 'बदला' हे मत मागे पडलं आणि विमान पुढे गेलं, एवढं कागदावर आहे.

आपल्याकडे कोणती कंपनी किती वेळेवर उडते, याचा तक्ता दर महिन्याला प्रसिद्ध होतो. कंपन्या तो जाहिरातीत मिरवतात. पहाटे पाचला विमान रोखणाऱ्या एएमईच्या डोक्यावर त्या तक्त्याचं ओझं असतं, आणि गेटवर आवाज चढवणारे आपण प्रवासी त्यात भर घालतो. त्याने रोखल्यामुळे झालेला उशीर कंपनीच्या वक्तशीरपणातून वजा होता कामा नये. डीजीसीएने तो वेगळा धरावा. मग कंपन्या प्रत्येक उशिरावर तांत्रिक कारणाचं लेबल लावतील, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर आहे. खऱ्या तांत्रिक उशिराची टेक लॉगमध्ये नोंद असते, वेळ असते आणि नोंद करणाऱ्याचा परवाना क्रमांक असतो. ती पडताळायला एक निरीक्षक आणि एक दुपार पुरेशी आहे.