विश्लेषण : रस्ता चौपदरी झाला, ब्रेक मात्र जुनेच… गाडीत नेमकं काय बदलावं?

अकोला ते नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग 161 हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांतून जातो. चौपदरीकरणानंतर ज्या गाड्या पूर्वी खड्डे चुकवत 50-60च्या वेगाने जायच्या, त्याच आता सहज 90-100वर धावतात. यातल्या अनेक गाड्या दहा-बारा वर्षं जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या आहेत. ब्रेक ‘चांगले’ करून घेण्याची मागणी त्यामुळे वाढणं साहजिक आहे. लाल रंगाचे कॅलिपर, छिद्रांच्या डिस्क, ‘रेसिंग’ पॅड असं बरंच काही बाजारात मिळतं. पण रोजच्या वापराच्या गाडीला त्याची गरज आहे का? आणि कमी खर्चात खरा फरक कशाने पडतो?

वेग वाढला की ब्रेकवर किती भार येतो?

ब्रेक म्हणजे गाडीच्या गतीचं उष्णतेत रूपांतर करणारं यंत्र. गाडीतली ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी 60 ऐवजी 100 किलोमीटर वेग असेल तर ब्रेकला पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरले तर 60च्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे 20 मीटरमध्ये थांबते, तर 100च्या वेगातली सुमारे 55 मीटरमध्ये. समोरचं पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद मिळवला, तर हीच अंतरं अनुक्रमे सुमारे 37 आणि 83 मीटर होतात.

हंगामात हळद किंवा सोयाबीन घेऊन बाजाराकडे निघालेली, मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली रात्री अचानक समोर आली, तर जीव वाचेल की नाही हे या 46 मीटरच्या फरकावर ठरतं. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 जणांचा मृत्यू झाला आणि केंद्राच्या अहवालानुसार त्यातल्या 70 टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग हे कारण होतं.

गाडी ब्रेक थांबवतात की टायर?

ब्रेक चाक थांबवतात, गाडी टायर थांबवतात. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होत असेल किंवा एबीएस सुरू होऊन पॅडल थरथरत असेल, तर याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. अशा गाडीला मोठे कॅलिपर लावून थांबण्याचं अंतर कमी होत नाही.

म्हणून पहिला खर्च टायरवर करायला हवा. कारच्या टायरची खोली किमान 1.6 मिलिमीटर असावी, असा नियम आहे. मात्र पावसात पकड त्याआधीच कमी होऊ लागते. टायरवरच्या चार आकड्यांवरून तो कधी बनला ते कळतं. ‘2321’ म्हणजे 2021च्या 23व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी जुनं, कडक झालेलं रबर रस्ता नीट धरत नाही.

कमी खर्चात काय बदलता येतं?

ब्रेक ऑइल : सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत स्वस्त काम. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. नव्या डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो 140 अंशांपर्यंत येतो. डॉट 4चे आकडे अनुक्रमे 230 आणि 155 आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पॅडल थेट खाली जातं. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलून हवा काढून घ्यावी. डॉट 3च्या जागी डॉट 4 चालतं. पण सिलिकॉनचं डॉट 5 त्यात कधीही मिसळू नये.

ब्रेक पॅड : मूळ कंपनीचे किंवा नामांकित बनावटीचे पॅड पुरेसे असतात. रेसिंग पॅड तापल्यावरच नीट पकडतात, त्यामुळे सकाळी घराबाहेर पडताना थंड पॅड उलट कमी लागतात. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर 60वरून 10पर्यंत वेग आणणारे आठ-दहा मध्यम ब्रेक लावले की पॅड डिस्कवर नीट बसतात.

कॅलिपरच्या पिना आणि मागचे ड्रम : पिना गंजून अडकल्या की एकाच बाजूचा पॅड झिजतो आणि गाडी एकीकडे ओढते. त्या साफ करून योग्य ग्रीस लावणं हे तासाभराचं काम आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात. त्यातली धूळ काढून ब्रेक शू सेट केले की पॅडल वर येतं, हँडब्रेकही नीट लागतो.

नळ्या : जुन्या रबरी नळ्या दाबाने फुगतात आणि पॅडल मऊ लागतं. चिरा दिसल्या तर नळ्या बदलाव्यातच. स्टीलच्या जाळीच्या नळ्यांनी पॅडल घट्ट वाटतं, पण थांबण्याचं अंतर फारसं बदलत नाही.

मोठे ब्रेक बसवणं कायदेशीर आहे का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. बेकायदा बदलासाठी कलम 182-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा चांगला भाग बसवण्याला मात्र अडचण नाही.

एबीएस नसलेल्या गाडीचं काय?

भारतात एप्रिल 2019 पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ते नाही आणि बाहेरून बसवणं व्यवहार्यही नाही. अशा गाडीत चाक लॉक झालं की स्टेअरिंग ऐकत नाही. ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा दाबावा लागतो. एबीएस असेल तर उलट, पॅडल थरथरलं तरी पाय काढायचा नाही.

आणखी एक सवय धोक्याची आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं की ब्रेकला बूस्टरची मदत दोन-तीन दाबांतच संपते आणि पॅडल दगडासारखं होतं. उतारावर खालचा गिअर हाच खरा आधार.

मग सुरुवात कुठून करावी?

आधी टायर आणि त्यातली हवा, मग ब्रेक ऑइल, मग पॅड, पिना आणि ड्रम. एवढं करूनही पॅडल मऊ लागत असेल, ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरत असेल किंवा गाडी ओढत असेल, तर तो दोष आहे. महागडा भाग लावून तो झाकला जातो, जात नाही. आणि रात्रीच्या महामार्गावर वेग 100वरून 80वर आणला, तर सुधारणेचा एक रुपयाही न खर्च करता याच हिशेबाने 83 मीटरचं अंतर सुमारे 58 मीटरवर येतं.