आधी भंडारदऱ्याचा हिशेब द्या

वाढवण बंदराचं कौतुक ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, समुद्रात भराव टाकून १,४४८ हेक्टर जमीन, दहा लाख रोजगार. जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी, ३० ऑगस्टला पालघरात पायाभरणी. मोठा प्रकल्प आला की तिथल्या माणसांचं भलं होतंच, हे सगळे धरूनच चालतात. मला ते साफ अमान्य आहे. मी भंडारदऱ्याचा आहे आणि आमच्या उशाला असा प्रकल्प १९२६ पासून उभा आहे.

गव्हर्नर विल्सनने उद्घाटन केलेल्या या धरणाने प्रवरेचं अकरा टीएमसी पाणी अडवलं. त्यावर खाली श्रीरामपूर, राहाता पट्ट्यात ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले, सहकाराचं राजकारण फळलं. तिथल्या शेतकऱ्यांशी माझं भांडण नाही, त्यांनी घाम गाळलाय. पण वर घाटघर, रतनवाडी, साम्रदला येऊन बघा. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस इथे पडतो. मे महिन्यात मात्र बाई झऱ्याच्या खड्ड्यात उतरते, वाटीने पाणी उपसते, हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून गाळते, आणि एक हंडा भरला की पुन्हा पाझर साठायची वाट बघत बसते. कातळावरून पाऊस वाहून जातो. तो अडवायला लहान तळी, टाक्या, उचलून आणायला पंप लागतात. शंभर वर्षांत एवढं झालं नाही, कारण कागदावर ही गावं पाणलोटात येतात आणि हक्क लाभक्षेत्राचा असतो. ज्याची जमीन बुडाली त्याला लाभार्थी म्हणायची पद्धतच नाही.

विजेचंही तेच. घाटघरला जपानी कर्जातून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प झाला. मागणी कमी असते तेव्हा खालच्या चोंढ्याच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सोडून वीज करायची. सूर्य-वाऱ्याच्या विजेला अशा साठवणीची गरज आहे, हे मलाही पटतं. म्हणूनच सह्याद्रीत आता जागोजाग असे प्रकल्प आखले जातायत. कडा चढून पाणी यंत्राला मिळतं, त्याच कड्यावरच्या घराला का मिळत नाही, याचं उत्तर आखणाऱ्यांनी आधी द्यावं.

आणि पर्यटन! मे-जूनमध्ये काजवे पाहायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. काजव्याचा प्रकाश म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण. त्या हिरड्या-सादड्यांवर हेडलाइटचे झोत पडतात, लोक मोबाइलची बॅटरी लावून फांद्या हलवतात. इथलं अभयारण्य १९८६ पासूनचं, तरी गाडी झाडाखाली जाते. तंबू लावून, पिठलं-भाकरी करून आमची पोरं चार महिने कमावतात, ते मी नाकारणार नाही. पण दारूच्या बाटल्या आणि प्लास्टिक उचलायलाही तीच पोरं असतात.

आता वाढवण. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. तिथल्या पर्यावरणाच्या रक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये तिथे बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली. समुद्र तोच, मासे तेच, किनाऱ्यावरचे मच्छीमार तेच. बदलली ती फक्त घाई. ज्या खडकाळ उथळ पाण्यात मासळी अंडी घालते तिथे भराव पडला, की मच्छीमाराला भरपाईचा धनादेश किती वर्षं पुरेल? बागेतला चिकू, घरोघरचं डायमेकिंग, जाळी विणणारे हात, यांतलं किती कंटेनर टर्मिनलमध्ये कामाला येईल?

बंदर उभारणाऱ्या जेएनपीए आणि सागरी मंडळाने आकडे जाहीर केलेत ना, मग आणखी एक जाहीर करावा: वाढवण, वरोर, चिंचणीतल्या किती माणसांना, कोणत्या कामावर, कायम घेणार. बंदराच्या महसुलातला किती हिस्सा दरवर्षी त्या ग्रामपंचायतींच्या खात्यात जाणार. हे काम आणखी पुढे जाण्याआधी करारात लिहून घ्यावं, आणि करार मराठीत असावा. आमच्या आजोबांनी कोणाकडून काही लिहून घेतलं नव्हतं, कोणी लिहून दिलंही नव्हतं. म्हणून आज आम्ही टँकरसाठी अर्ज लिहितो.