खिमा आतपर्यंत शिजू द्या

दिवाळीच्या फराळाची गडबड ओसरली की आपल्यापैकी अनेकांना कर्जत, लोणावळा, अलिबागच्या फार्महाऊसवरून फोन येऊ लागतात. थंडी, हुरडा आणि बार्बेक्यूचा हा हंगाम फेब्रुवारीपर्यंत चालतो. कबाब-टिक्क्यांच्या जोडीला आता गिऱ्हाईक बर्गर मागते, आणि तोही पाकिटातली गोठवलेली पॅटी नको, हाताने थापलेली हवी म्हणते. मागणी रास्त आहे. ताज्या खिम्याची चव पाकिटाला येत नाही. मात्र या पदार्थाची एक जोखीम आहे आणि तिच्याकडे आपल्या व्यवसायात अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मटणाच्या अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात आणि तिथे जाळ लागतोच. तोच तुकडा यंत्रातून काढला की बाहेरचे सगळे आत कालवले जाते. सीख कबाब आपण वर्षानुवर्षे करत आलो, पण तो सळईवर पातळ लावलेला असतो. बर्गरची पॅटी दोन सेंटिमीटर जाड; बाहेरून खरपूस झाली तरी मध्यभागी कच्ची राहू शकते.

अमेरिकेने हा धडा फार महागात घेतला. १९९३ मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीतले अर्धवट शिजलेले हॅम्बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. कारण होते ई. कोलाय ओ१५७:एच७. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने गोमांसाच्या खिम्यात हा जंतू आढळला की तो माल भेसळयुक्त ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडे बर्गर बकऱ्याच्या किंवा कोंबडीच्या खिम्याचा असतो, म्हणून निर्धास्त राहू नये. हा जंतू शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यांतही राहतो, आणि कोंबडीत साल्मोनेलाची भीती असते.

रंगावर विसंबू नका. पॅटी आतून तपकिरी दिसली म्हणजे शिजली, हा समज चुकीचा आहे. खिमा पुरेसा तापण्याआधीही तपकिरी होतो. खात्री देते ती फक्त थर्मामीटरची सुई. ती वरून नाही, पॅटीच्या कडेतून आडवी मध्यापर्यंत घालायची. अमेरिकी कृषी खाते मटणाच्या खिम्यासाठी ७१ आणि कोंबडीसाठी ७४ अंश सेल्सिअस सांगते. आपल्या एफएसएसएआयची केटरिंगसाठीची तपासणी यादी मांसाहारी पदार्थाच्या गाभ्याला ७० अंश दोन मिनिटे किंवा ७५ अंश १५ सेकंद मागते. ७५चा आकडा धरलात तर दोन्हीकडचे समाधान होते.

इतके तापवल्यावर पॅटी कोरडी पडेल, ही तक्रार मला मान्य आहे, पण तिचा उपाय खाटकाकडे आहे. बकऱ्याचा नुसता लुसलुशीत खिमा घेऊ नका. चरबी मागून घ्या, पाच भागांत एक भाग. खिमा डोळ्यांसमोर काढून घ्या आणि बर्फात ठेवूनच न्या. तो मळू नका, हलक्या हाताने गोळा करून थापा आणि मधोमध अंगठ्याने खळगा करा, म्हणजे भाजताना पॅटी फुगत नाही. मीठ खिम्यात कालवून ठेवले की प्रथिने एकमेकांना धरतात आणि पॅटी चिवट होते. मीठ जाळीवर टाकतानाच भुरभुरावे. कोळशावर राखेचा पांढरा थर आल्याशिवाय पॅटी ठेवू नका. उलथन्याने दाबण्याची सवय तर सोडाच. चुरचुर आवाज येतो तो रस आगीत जातो.

कच्च्या पॅटीचा चिमटा आणि ताट शिजलेल्यांना लावू नये, शाकाहारी पाहुण्यांसाठी जाळी वेगळी ठेवावी, हे तुम्हाला सांगायला नको. पावाबद्दल इतकेच: लादीपाव चालतो, लोणी लावून जाळीवर शेकून घेतला की रसाने लगेच भिजत नाही.

सुईचा डिजिटल थर्मामीटर हजार रुपयांच्या आत मिळतो. हंगामाची पहिली ऑर्डर घेण्याआधी तो घ्या, आणि मालकाच्या खिशात न ठेवता जाळीपाशी उभ्या असणाऱ्या कारागिराच्या हातात द्या.