'अगापाओ'वर लादलेले देवत्व

ख्रिस्ती मराठी काव्यावर, किंवा भक्ती आणि प्रेम यांच्या तौलनिक विचारावर, चर्चासत्रात निबंध वाचला जाऊ लागला की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक ग्रीक शब्द हमखास उगवतो. 'अगापे' म्हणजे निरपेक्ष, ईश्वरी प्रेम. 'फिलिया' म्हणजे मैत्री. 'एरोस' म्हणजे कामना. ग्रीक भाषेने प्रेमाचे हे मजले आधीच बांधून ठेवले आहेत, असे आपल्याला सांगण्यात येते आणि सभागृह माना डोलावते. प्रस्तुत लेखकाने वर्गात काही वर्षे हेच शिकवले, हे आधीच कबूल केलेले बरे.

पुरावा म्हणून योहानकृत शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय पुढे केला जातो. पुनरुत्थित येशू तिबिर्याच्या समुद्राकाठी पेत्राला तीनदा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांत क्रियापद 'अगापाओ' आहे, तिसऱ्यात 'फिलेओ'. पेत्राची तिन्ही उत्तरे 'फिलेओ'त आहेत. येथून असा अर्थ काढला जातो की येशू उच्च प्रेम मागतो, पेत्र मैत्रीपुरतेच देऊ शकतो, आणि अखेर येशू त्याच्या पायरीवर उतरतो. वाचन मोहक आहे. व्याख्यानाला तर फारच सोयीचे. पण पेत्र पहिल्या दोन्ही वेळी उत्तराचा आरंभ 'होय' असा करतो. जे मागितले ते आपल्याजवळ नाही असे सुचवणारा माणूस 'होय' कशाला म्हणेल?

याच ग्रंथात इतरत्र ही क्रियापदे काय करतात, हे पाहण्याचे कष्टही सहसा कोणी घेत नाही. पित्याचे पुत्रावरील प्रेम तिसऱ्या अध्यायात 'अगापाओ'ने सांगितले आहे आणि पाचव्यात 'फिलेओ'ने. येशूचा प्रिय शिष्य तेराव्या अध्यायात 'अगापाओ'चे कर्म आहे, विसाव्यात 'फिलेओ'चे. तिसऱ्या अध्यायात माणसे प्रकाशाहून अंधारावर अधिक प्रेम करतात, तेही 'अगापाओ'नेच. योहानाबाहेर पाहावे तर परूश्यांची मानाच्या आसनांची हाव लूक (११:४३) 'अगापाओ'ने वर्णितो, मत्तय (२३:६) 'फिलेओ'ने. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील देमास जगाच्या मोहाने सोबत्याला सोडून जातो. त्या मोहाचे क्रियापदही 'अगापाओ'च. आणि सर्वांत बोलके उदाहरण सेप्टुआजिंट या जुन्या ग्रीक भाषांतरातले. दावीदपुत्र अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो आणि लगेच तिचा द्वेष करू लागतो. त्या द्वेषाशी ज्या पूर्वीच्या वासनेची तुलना केली आहे तिला तेथे 'अगापे' हेच नाम आहे. हिब्रूतील 'अहेव' या व्यापक क्रियापदासाठी भाषांतरकारांनी बहुधा 'अगापाओ' योजले. त्यात अम्नोनही आला आणि इस्राएलावर प्रेम करणारा परमेश्वरही आला.

'अगापाओ' हा काही पवित्र ग्रंथासाठी घडवलेला शब्द नव्हता. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकापासूनच तो सामान्य ग्रीकमध्ये बळावत होता. याचे एक कारण असे सांगितले जाते की 'फिलेओ'ला चुंबन घेणे हा अर्थही चिकटला होता. (यहूदा ज्या खुणेने येशूला धरून देतो ती मत्तयाने याच क्रियापदाने सांगितली आहे.)

भेद मानणाऱ्यांचेही आपसात जमत नाही. एकोणिसाव्या शतकात वेस्टकॉटला 'अगापाओ' उच्चतर वाटले, तर ट्रेंचला ते पेत्राच्या कानाला थंड लागणारे वाटले. त्याच्या मते जिव्हाळा होता तो 'फिलेओ'त. दोघेही ग्रीकचे मोठे जाणकार. एकाच भेदातून दोन उलट अर्थ निघत असतील तर तो भेद संहितेत आहे की वाचकाच्या पदरी, असा प्रश्न पडावा. १९३० साली नीग्रेन यांनी अगापे आणि एरोस यांचा जो विरोध उभा केला, तो धर्मचिंतन म्हणून मोलाचा असेलही. पण नव्या करारात 'एरोस' हा शब्द एकदाही येत नाही. शब्दावर सिद्धांताचे सगळे वजन टाकण्याची ही चूक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये पुरती उघडी केली. आपल्या निबंधांना मात्र त्या ग्रंथाचा वारा लागलेला दिसत नाही.

खंत वाटते ती याची की ही चूक ओळखण्यासाठी आपल्याला बार यांचीही गरज नव्हती. संस्कृतात 'राग' म्हणजे अनुरक्ती. म्हणून 'बाबा माझ्यावर रागावले' या मराठी वाक्यात कोणी प्रेम शोधत नाही. योगापेक्षा रूढी बलवान, हे आपले शास्त्र. अनेकार्थी शब्दाचा अर्थ साहचर्य, प्रकरण यांनी ठरतो, हे भर्तृहरीने सांगून ठेवलेले. 'साहित्य म्हणजे सहितत्व' एवढ्या भांडवलावर प्रबंधाचे पहिले प्रकरण उभे करणारे आपण हे सोयीस्करपणे विसरतो, आणि तीच सवय ग्रीकपर्यंत घेऊन जातो.

या सवयीपायी हातचा प्रसंग निसटतो. पेत्र दुःखी झाला तो तिसऱ्यांदा विचारले म्हणून, असे संहिता सांगते. क्रियापद बदलले म्हणून, असे ती म्हणत नाही. तीन हा आकडा त्याला कोठून बोचला, हेही योहानाने दाखवले आहे. किनाऱ्यावर निखाऱ्यांचा विस्तव पेटलेला आहे. त्यासाठी वापरलेला 'अंथ्राकिया' हा शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक या किनाऱ्यावर. दुसरा अठराव्या अध्यायात, महायाजकाच्या अंगणात. तेथे थंडीच्या रात्री तसल्याच विस्तवाशी शेकत उभा असताना पेत्राने येशूला नाकारले होते.