‘बाँड’ : एक शब्द, दोन कुळे

केंदूरचा शेतकरी शिरूरच्या कचेरीत गेला की त्याला प्रथम सांगण्यात येते, ‘बाँड घेऊन या.’ तेथे बाँड म्हणजे मुद्रांकाचा कोरा कागद. त्याचा मुलगा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत उमेदवारीला लागला तर तो ‘बाँडवर’ असतो. म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत त्याला काम सोडता येत नाही. सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर होणाऱ्याचा बाँड ग्रामीण सेवेचा, न्यायालयातला बाँड जामिनाचा, आणि बँकेतला बाँड व्याज मिळवून देणारा रोखा. एकाच शब्दाने एकजण बांधला जातो आणि दुसरा घरबसल्या व्याज खातो. हा केवळ भाषेचा गोंधळ आहे असे आम्हांस वाटत नाही.

या इंग्रजी शब्दात वस्तुतः दोन वेगळ्या कुळांचे शब्द मिसळले आहेत. पहिल्याचे कूळ ‘बांधणे’ हे. आपला बंध, शेताचा बांध, फारसीतला बंद आणि इंग्रजीतला बाँड ही एकाच मूळ धातूची भावंडे होत. (आपण पुकारतो तो ‘बंद’ही याच घरातला, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे!) दुसऱ्या शब्दाचा इतिहास अधिक बोलका आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘बोंदी’ म्हणजे घर करून राहणारा, स्वतःची जमीन कसणारा स्वतंत्र शेतकरी. ‘कुटुंबी’वरून आपला ‘कुणबी’ आला, अगदी त्याच अर्थाचा. इंग्रजीतला ‘हजबंड’ हा नवराही त्याच बोंदीचा वंशज. परंतु १०६६ नंतर नॉर्मन सरदारांनी इंग्लंडची जमीन वाटून घेतली आणि हा स्वतंत्र कुणबी जमीनदाराचा भूदास झाला. माणसाची पायरी घसरली तशी शब्दाचीही घसरली. ‘बाँडेज’ म्हणजे गुलामगिरी हा शब्द ‘बांधणे’पासून आला असे सर्वांस वाटते, वास्तविक तो ‘शेतकरी’ या शब्दापासून आला आहे.

शिरूर तालुक्यास हे शब्दकोशातून शिकावे लागले नाही. अमेरिकन यादवीच्या काळात चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, त्यातच फेरजमाबंदीने सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचा दावा तीन वर्षांत करावा असे ठरविले. हेतू कुळाच्या रक्षणाचा, परिणाम उलटा. सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिसळून नवे खत लिहून घेऊ लागला आणि निरक्षर कुणबी त्यावर निशाणी करू लागला. १८७४ च्या अखेरीस याच तालुक्यातील कर्डे गावी काळूराम या सावकाराने हुकूमनामा मिळवून बाबासाहेब देशमुखांचे घर पाडले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उठाव झाला व तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनी ठिकठिकाणी मागितली ती खते, आणि जाळली तीही खतेच. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातून निघाला. खतावर आकडा काय आहे एवढेच न पाहता मूळ व्यवहार काय झाला हे न्यायालयाने तपासावे, ही तरतूद त्यात आली. कागदाच्या मागे पाहण्याचा हा हक्क विस्तवाने मिळविलेला आहे.

पुढे १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला, आणि उचलीच्या बदल्यात श्रम बांधून घेणारे करार निरर्थक ठरले. तरी ऊसतोडीच्या उचलीचे स्वरूप काय आहे, हे फडावर जाणाऱ्या कार्यकर्त्यास सांगावयास नको. १९५८ चा मुद्रांक कायदा ‘बाँड’ची व्याख्या करताना धान्य वा शेतमाल देण्याचे साक्षांकित लेखही त्यात धरतो. कुणब्याचे पीकसुद्धा त्या शब्दाबाहेर राहिलेले नाही.

आणि २०१८ चे निवडणूक रोखे? कुणब्याच्या खतावर त्याचे नाव, गाव आणि अंगठा असे. या रोख्यावर देणाऱ्याचे नावच नव्हते. धनिकाने पक्षाला बांधावे आणि मतदारास दोरी दिसू नये, अशी ती व्यवस्था होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरविली.

काही मित्र म्हणतील, शब्दांचा काथ्याकूट पंडितांनी करावा, आपण लढे लढवावेत. आम्हांस हे मान्य नाही. आणि ही शुद्ध मराठीची हौसही नव्हे. टेबल, स्टेशन हे शब्द बिनदिक्कत वापरावेत, त्यांनी कोणी फसत नाही. परंतु जो शब्द कर्जखत, जामीन, करारपत्र आणि कोरा मुद्रांक यांतला भेद पुसून टाकतो, तो ज्याला वाचता येते त्याच्याच सोयीचा असतो. २०२४ च्या ऑक्टोबरात शासनाने अनेक दस्तांसाठी शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लावला. कागद महागला, त्यावरील मजकूर मात्र पूर्वीइतकाच दुर्बोध राहिला.

केंदूर-पाबळच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात आपल्या शाखांनी म्हणूनच एक काम हाती घ्यावे. कोणी ‘बाँडवर सही करायची आहे’ म्हणून आला, तर हे खत आहे, जामीन आहे की नोकरीचा करार, हे प्रथम विचारावे, सारा कागद मोठ्याने वाचून दाखवावा, आणि कोऱ्या मुद्रांकावर अंगठा देऊ नये असे त्याच्या घरच्या बायकांदेखत सांगावे. कारण घर गहाण पडते तेव्हा त्यांना कोणी विचारलेले नसते.